फळ्यावरचा 10.6 आणि कधीच न मोडणारे विक्रम

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भाऊंचा प्रश्न असा आहे: खेळांतले कोणते विक्रम कधीच मोडणार नाहीत? पण प्रश्नाचं खरं मूळ पुढच्या ओळींत आहे. त्यांच्या गावच्या शाळेत ऑफिसबाहेर विक्रमांचा फळा आहे, त्याचा फोटोही त्यांनी पाठवलाय. त्यावर 1991 सालापासून ‘100 मीटर, 10.6 सेकंद’ अशी नोंद आहे. आजची चांगली पोरं 11.6 च्या खाली येत नाहीत. ‘हा विक्रम काही मोडत नाही’ म्हणून पोरं सरावच सोडतात. तेव्हा फळा पुसून टाकावा का?

भाऊ, फळा पुसू नका. मात्र त्या नोंदीची तपासणी करा. ती कशी करायची ते खाली सविस्तर लिहितो. आधी मोठ्या विक्रमांकडे पाहू, कारण विक्रम टिकण्याची जी कारणं जगाच्या यादीत दिसतात तीच तुमच्या फळ्यावरही असतात.

पहिलं कारण म्हणजे खेळाची रचनाच बदलते आणि वाट बंद होते. विल्फ्रेड ऱ्होड्स यांनी 1898 ते 1930 या काळात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चार हजारांच्या वर बळी घेतले. तेव्हा इंग्लंडमधला काउंटी खेळाडू एका मोसमात तीस-तीस सामने खेळायचा. आता आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेचा आकडा घ्या. 2024-25 च्या रणजी मोसमात त्याने 10 सामन्यांत 69 बळी घेतले. एका रणजी मोसमातला हा सर्वोच्च आकडा आहे. असा विक्रमी मोसम एखाद्याने दरवर्षी केला, तरी चार हजारांपर्यंत पोचायला त्याला 58 वर्षं लागतील. ऱ्होड्स मोठे गोलंदाज होतेच, पण त्यांचा विक्रम आज वेळापत्रक राखतंय. तो मोडणार नाही हे मी बिनधास्त सांगतो, आणि त्यात आजच्या गोलंदाजांचा काही कमीपणा नाही.

भालाफेकीत तर नियमानेच वाट बंद केली. पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी 20 जुलै 1984 रोजी बर्लिनमध्ये 104.80 मीटर भाला फेकला. मैदान अपुरं पडायला लागलं, शिवाय भाला पोटावर सपाट पडायचा आणि खूण नीट कळायची नाही. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. नव्या भाल्याचं टोक लवकर खाली येतं आणि अंतर कमी पडतं. या भाल्याचा विक्रम यान झेलेझनी यांचा आहे, 98.48 मीटर, 1996 सालचा. नीरज चोप्राने 2025 च्या मे महिन्यात दोह्याला 90.23 मीटर फेक केली. ती होन यांच्या 104.80 शी लावून पाहणं म्हणजे दोन वेगवेगळ्या अवजारांची तुलना झाली. इथे जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने काय केलं ते लक्षात ठेवा: होन यांची नोंद खोडली नाही, ती जुन्या भाल्याखाली ठेवली आणि नव्या भाल्याची यादी वेगळी सुरू केली. तुमच्या फळ्यासाठी हाच तोडगा कामाचा आहे.

काही विक्रमांना वर जागाच उरलेली नसते. जिम लेकर यांनी 1956 साली मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 90 धावांत 19 बळी घेतले. कसोटीत एका संघाचे एकूण बळीच वीस, त्यामुळे पुढे जायचं तर वीसच्या वीस घ्यावे लागतील. अनिल कुंबळेचे दिल्लीत एकाच डावातले 10 बळी असेच आहेत. बरोबरी होते, 2021 साली मुंबईत एजाझ पटेलने ती केलीही, पण अकरावा बळी आणायचा कुठून?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या भागात तेच सगळ्यात जास्त दिसतं. तो विक्रम मोडायला कुणी जोर लावलेलाच नसतो. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, गोपाल सैनी यांचा 1981 सालचा 8:30.88 हा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला. इतकी वर्षं टिकला की माणसं तो अभेद्य धरून चालतात. मग 2018 साली बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने तो मोडला आणि स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडत 2024 साली पॅरिसमध्ये 8:09.91 वर आणला. सदतीस वर्षं जो जागचा हलला नाही तो सहा वर्षांत जवळजवळ एकवीस सेकंदांनी खाली आला. श्रीराम सिंग यांचा 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमधला 800 मीटरचा विक्रम, 1:45.77, बेचाळीस वर्षांनी 2018 साली जिन्सन जॉन्सनने मोडला. म्हणून विक्रम किती जुना आहे यावरून तो किती भक्कम आहे हे ठरवू नका.

क्रिकेटमध्येही तसंच. बिशनसिंग बेदींचा 1974-75 च्या रणजी मोसमातला 64 बळींचा विक्रम 44 वर्षं टिकला. तो 2018-19 साली बिहारच्या आशुतोष अमनने 68 बळी घेऊन मोडला. पण त्या मोसमात बरेच नवे संघ रणजीत आले होते आणि अमनचे सामने प्लेट गटात, म्हणजे खालच्या गटात, त्यांच्याविरुद्ध होते. हर्ष दुबेने 69 घेतले ते एलिट, म्हणजे वरच्या गटातल्या संघांविरुद्ध, आणि विदर्भ त्या वर्षी रणजी जिंकला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. फक्त आकड्यासोबत समोर कोण होतं तेही वाचायला हवं.

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी 2016 मध्ये शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या, तेव्हा हीच चर्चा झाली. त्याआधीचा विक्रम 1899 सालचा होता, इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी पोराच्या नाबाद 628 धावांचा. 116 वर्षं सगळे म्हणायचे की हा काही मोडत नाही. मोडला तो साध्यासुध्या फरकाने नाही. समोरचा संघ दुबळा होता हे खरं, पण दुबळे संघ त्या 116 वर्षांतही होतेच.

तिसरं कारण मापाचं. 1988 साली इंडियानापोलिसला फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर यांनी 100 मीटर 10.49 सेकंदांत पार केलं. त्या शर्यतीत वाऱ्याच्या यंत्रावर 0.0 दिसत होतं. त्याच वेळी बाजूच्या तिहेरी उडीच्या यंत्राने सेकंदाला 4.3 मीटर वारा नोंदवला. विक्रमासाठी मागून येणारा वारा सेकंदाला 2.0 मीटरपर्यंतच चालतो. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम फेरीत त्यांची वेळ 10.61 होती. यादीत आजही 10.49 च आहे. त्याच्या सगळ्यात जवळ गेली ती एलेन थॉम्पसन-हेरा, 2021 साली 10.54 वर.

त्या काळातले आणखी काही विक्रम वेगळ्या कारणाने वादात आहेत. मारिता कोख यांचा 400 मीटरचा 47.60 हा 1985 सालचा. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी पातळीवरून उत्तेजक औषधं दिली जात होती, हे नंतर कागदपत्रांतून उघड झालं. कोख स्वतः कधी चाचणीत सापडल्या नाहीत, म्हणून नोंद कायम आहे. पण 2025 च्या सप्टेंबरमध्ये टोकियोत सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन 47.78 धावली. चाळीस वर्षं हात न लागलेल्या विक्रमापासून ती फक्त 0.18 सेकंद मागे राहिली.

हे सगळं वजा केल्यावर, माणूस बाकीच्यांपेक्षा खरोखरच इतका पुढे होता की दुसरा सापडत नाही, असे विक्रम फार थोडे उरतात. माझ्या मते त्यात पहिला ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन यांचा. 52 कसोटी, 80 डाव, 6996 धावा, सरासरी 99.94. शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या तर शंभर झाली असती. 1948 साली ओव्हलवर एरिक हॉलिस यांनी शून्यावर त्रिफळा उडवला. ब्रॅडमन कसोटी खेळले ते फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये, आणि त्यांचे 37 सामने एकट्या इंग्लंडविरुद्ध होते, हे हिशेबात धरायलाच पाहिजे. पण त्या काळात खेळपट्ट्याही पावसापासून झाकत नसत. शिवाय त्याच काळात, त्याच मैदानांवर खेळलेले बाकीचे उत्तम फलंदाज साठीच्या आसपास थांबले. वीसहून अधिक कसोटी डाव खेळलेल्यांत पुढचा आकडा आजही साठ-बासष्टच्या घरातच आहे. दुसरा नंबर जवळपास दोन तृतीयांशावर आहे, असं दुसऱ्या खेळात सहसा दिसत नाही. एखाद्या विक्रमाबद्दल शंका आली की मी आधी हेच पाहतो: दुसरा, तिसरा, दहावा नंबर किती दूर आहेत. आपण मराठी माणसांनी इथे भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण ठेवावी. 1948 साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद 443 वर होते. प्रथम श्रेणीतल्या सर्वोच्च डावाचा ब्रॅडमन यांचा तेव्हाचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला होता, तेवढ्यात मधल्या सुट्टीत काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. रणजीतला तो सर्वोच्च डाव आजही तसाच आहे.

आता तुमच्या फळ्याकडे येऊ.

शाळकरी पोराची 10.6 ही वेळ शक्य आहे का? शक्य आहे, पण देशपातळीवरच्या पोरासाठी. असा मुलगा 1991 साली तुमच्या गावात असता तर जिल्हा आणि विभाग पार करून राज्यस्तरावर त्याचं नाव गाजलं असतं. जुन्या प्रमाणपत्रांत किंवा तालुका क्रीडा स्पर्धेच्या निकालपत्रात ते सापडलं तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, नोंद तशीच ठेवा. सापडलं नाही तर माप तपासा. बरंचसं यावर अवलंबून आहे की मैदान तेव्हाचंच आहे का. खुणेचे दगड, झाड, ध्वजस्तंभ जागचे असतील तर धावपट्टी बरीचशी परत काढता येते.

सुरुवात लांबीपासून करा. अंतर मोजायचं ते सुरुवातीच्या रेषेच्या मागच्या कडेपासून शेवटच्या रेषेच्या अलीकडच्या कडेपर्यंत. रेषा पाच सेंटिमीटर रुंद. फक्की हाताने टाकली की रेषा पंधरा-वीस सेंटिमीटर फाकते, म्हणून आधी दोरी ताणा आणि दोरीच्या एकाच बाजूने फक्की टाका. कापडी टेप ताणली की लांबते आणि मधे झोळ पडतो, जमलं तर स्टीलची आणा. आणि टेपचं पहिलं टोक आधी बघा. शाळेच्या टेपचा पहिला मीटर फार वेळा तुटलेला असतो. मग एकचा आकडा खुंटीवर धरून पन्नासपर्यंत मोजतात आणि तो एक मीटर मिळवायचा राहून जातो. अशी टेप दोनदा टाकली की 100 मीटरची धावपट्टी 98 ची होते. अकरा सेकंदांच्या आसपास धावणारा पोरगा शेवटचे दोन मीटर साधारण 0.2 सेकंदात काढतो. म्हणजे एवढ्या चुकीने वेळ तितकी चांगली दिसली.

मग उतार. विक्रमासाठी धावण्याच्या दिशेने 1000 ला 1, म्हणजे 100 मीटरमागे फक्त दहा सेंटिमीटर उतार चालतो. आपल्याकडे मैदानाची एक बाजू नाल्याकडे किंवा रस्त्याकडे उतरलेली असते, आणि मीटरभर उतार असला तरी उभ्या माणसाच्या डोळ्याला तो जाणवत नाही. गावातल्या गवंड्याला पारदर्शक लेव्हल पाइप घेऊन बोलवा. पाइपात पाणी भरून हवेचा बुडबुडा राहिला नाही हे नीट पाहा, बुडबुडा राहिला की माप चुकतंच. पाण्यात थोडा रंग टाकला तर पातळी लांबून दिसते. दर दहा मीटरवर काठी उभी करा, दोन्ही टोकांची पाण्याची उंची काठीवर खूण करून फरक लिहा आणि शेवटी बेरीज करा. तासाभराचं काम आहे. उतार नाल्याच्या बाजूने निघाला आणि शेवटची रेषाही तिकडेच असेल, तर पोरं उताराला धावत होती.

सगळ्यात मोठी खोट घड्याळात असते. त्या काळी शिट्टी वाजवून शर्यत सुटायची आणि शेवटच्या रेषेवरचे गुरुजी शिट्टी ऐकून घड्याळ दाबायचे. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. 100 मीटरवर तो पोचायला 0.29 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पोरगा जागेवरून निघालेला असतो आणि घड्याळ बंदच असतं. पिस्तुलाचा धूर, झेंडा किंवा क्लॅपरचा (दोन फळ्या आपटून आवाज करायचं साधन) हात बघून घड्याळ सुरू करायचं, हा नियम याच कारणासाठी आहे.

आता हिशेब मांडा. 10.6 मध्ये आवाजाचे 0.29 आणि आखूड पट्टीचे 0.2 मिळवले की 11.1 च्या जवळ येतं. उतार असेल किंवा मागून वारा असेल तर आणखी दहावा-दोन दहावे. सेकंदाला दोन मीटर वारा म्हणजे पुरुषांच्या 100 मीटरला साधारण 0.1 सेकंद. तेव्हा आजच्या मोजणीने ती धाव 11.1 ते 11.3 मध्ये कुठेतरी बसते. तुमचा आजचा 11.6 वाला पोरगा त्याच्यापेक्षा एक सेकंद मागे नाही, अर्ध्या सेकंदाच्या आत आहे. अट एकच, आजची वेळ शर्यत सोडणाऱ्याचा हात बघून घेतलेली असावी. तीही शिट्टीवरच घेत असाल तर दोघांना आवाजाचा सारखाच फायदा मिळाला, मग हा 0.29 मिळवू नका.

हाताच्या घड्याळाची वेळ यंत्राच्या वेळेशी लावायची असेल तर 100 आणि 200 मीटरला 0.24 आणि 400 मीटरला 0.14 सेकंद मिळवतात. मिल्खासिंगांची रोमची 400 मीटरची वेळ हाताने 45.6 आणि यंत्राने 45.73 होती. 1998 साली परमजितसिंग 45.70 धावला तेव्हा विक्रम मोडला की नाही यावर वाद झाला तो याच कारणाने. डिजिटल घड्याळात 11.61 दिसलं म्हणून फळ्यावर 11.61 लिहू नका. हाताची वेळ पुढच्या दहाव्या भागावर नेतात, म्हणजे 11.7. तीन घड्याळं लावा. दोन सारखी आली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली. दोनच घड्याळं असली तर जास्तीची.

वाऱ्याचं यंत्र शाळेत नसतंच. तोंडाला वारा जाणवतो आणि झाडाची पानं सळसळतात, तो सेकंदाला साधारण दीड ते सव्वातीन मीटरचा वारा. तेवढा मागून असेल तर रजिस्टरमध्ये ‘मागून वारा’ असं लिहून ठेवा, विक्रमाच्या रकान्यात ती वेळ घेऊ नका.

लांब उडी आणि गोळाफेकीच्या नोंदी असतील तर त्याही पाहा. उडी फळीच्या खड्ड्याकडच्या कडेपासून मोजायची, पाय उठला तिथून नाही. वाळू फळीच्या पातळीत पाहिजे. दहा सेंटिमीटर खाली गेली असेल तर उडीत त्याहून जास्त वाढ दिसते. 1968 साली मेक्सिकोत बॉब बीमन यांनी 8.90 मीटर उडी मारली तेव्हा मोजायचं यंत्रच तिथवर पोचेना, शेवटी टेप आणून मोजली. 2240 मीटर उंचीवरची विरळ हवा, मागून बरोबर 2.0 चा वारा, आणि आधीच्या विक्रमापेक्षा 55 सेंटिमीटर जास्त. ही उडीही कधीच मोडणार नाही म्हणत होते. 1991 साली टोकियोत माइक पॉवेल 8.95 वर गेला, वारा फक्त 0.3. गोळ्याच्या नोंदीत वजन लिहिलेलं नसेल तर ती नोंद निरुपयोगी आहे, कारण 18 वर्षांखालच्या मुलांना 5 किलो, 20 खालच्यांना 6 आणि खुल्या गटाला 7.26 किलो असतो.

फळ्याचं असं करा. 1991 ची नोंद त्या मुलाच्या नावासकट वर राहू द्या, तिच्यापुढे ‘शिट्टीवर, जुनी धावपट्टी’ असं लिहा. खाली रेघ ओढा आणि या वर्षीच्या मोजलेल्या पट्टीवरून नवी यादी सुरू करा. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वयोगट, हाताची वेळ की यंत्राची, आणि वारा. पोरांना हिशेब फळ्यावरच करून दाखवा. तो आवाजाचा 0.29 आठवी-नववीची पोरं स्वतः भागाकार करून काढतील.

तुमच्या फोटोत मुलींचा रकाना दिसत नाही, तो याच वेळी आखून घ्या. 18 खालच्या मुलींचा गोळा 3 किलोचा आणि भाला 500 ग्रॅमचा असतो. मुलांचा 5 किलोचा गोळा त्यांना देऊन नोंद करू नका. साहित्य नसेल तर पहिल्या वर्षी 100, 200, 800 आणि लांब उडी एवढंच घ्या, त्याला टेप, फक्की आणि तीन घड्याळं पुरतात.